ज्यो-सेन्सेई आणि हिराईची बॅग

ज्योत्स्ना गुप्ते जपानातल्या कावासाकीच्या एका मुलींच्या कॉलेजात जायची ती इंग्रजी संभाषण शिकवायला. बास्केटबॉल तिच्या गळ्यात पडला तो तिच्याच आगाऊपणामुळे, आणि हे ती स्वतःही मान्य करते.

तिचा नवरा राजीव पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून आला होता. तो काळच तसा होता. कावासाकीतल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना प्रोग्रॅमर हवे होते आणि पुण्यात प्रत्येक सोसायटीतून कुणी ना कुणी जपानला निघालेलं असायचं. सहा महिन्यांसाठी म्हणून यायचं आणि मुलं तिथल्या शाळेत रुळली की मुक्काम वाढवत बसायचं, हे सगळ्यांचंच. राजीव-ज्योत्स्नाची जुईसुद्धा दुसरीत गेली तोवर आईच्या मराठी प्रश्नांना सरळ जपानीत उत्तरं द्यायला लागली होती. घरात बसून ज्योत्स्ना कंटाळली, म्हणून तिने कॉलेजातली ही अर्धवेळची नोकरी धरली.

एके दिवशी तास संपवून ती निघाली होती. जिमखान्याच्या बाजूने चेंडू आपटल्याचा आवाज आला आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले. दारातून पाहते तर पाच-सहा मुली ले-अप मारत होत्या, म्हणजे धावत येऊन उडीत बॉल टाकत होत्या, त्याही चुकीच्या पायावर उडी घेऊन. हे बघून गप्प बसणं तिला शक्य नव्हतं. तिने दाराशी बूट काढले, पर्स ठेवली, एका मुलीच्या हातातला बॉल घेतला आणि फ्री थ्रोच्या रेषेवरून टाकला. बॉल रिंगला न लागता जाळीतून खाली आला. दुसरा टाकला असता तर बहुधा हुकला असता, पण तिने शहाणपणा करून दुसरा टाकलाच नाही.

झालं. त्या क्लबची जबाबदारी ओगाता सेन्सेईंकडे, म्हणजे ओगाता सरांकडे, होती. हे गृहस्थ प्राचीन साहित्याचे प्राध्यापक, अतिशय सज्जन, आणि बास्केटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की चेंडू मोठा असतो. दुसऱ्याच दिवशी ते ज्योत्स्नाच्या वर्गाबाहेर हजर झाले. पगार देता येणार नाही हे त्यांनी इतक्या वेळा वाकून सांगितलं की नाही म्हणायची सोयच उरली नाही. ज्योत्स्ना हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलींनी तिला ज्यो-सेन्सेई करून टाकलं.

ती मात्र मनापासून कामाला लागली. आत शिरताना कोर्टला वाकून नमस्कार करायचा, सराव झाला की लाद्या नव्हे तर लाकडी फळ्या सगळ्यांनी मिळून पुसायच्या, सीनियर मुलीने घोट घेतल्याशिवाय ज्युनिअरने थंड चहाच्या जगला हात लावायचा नाही, हे सगळं तिने महिन्याभरात आत्मसात केलं. तालमीच्या पायरीला हात लावून आत शिरणारी माणसं तिने लहानपणी पाहिली होती, त्यामुळे कोर्टला नमस्कार करण्यात तिला नवल वाटलं नाही. इथल्या रीतीभाती शिकण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं तिचं स्वतःबद्दल मत झालं होतं. ओळखीतल्या नवीन आलेल्या बायकांना ती ते ऐकवायचीही.

दुसऱ्या वर्षी क्लबची अवस्था बिकट झाली. चौथ्या वर्षाची उंच मुलगी नोकरीच्या मुलाखतींच्या मागे लागली आणि खेळ सोडून गेली. एप्रिलमध्ये नव्या मुलींसाठी पोस्टर लावलं, बिस्किटं ठेवली. बिस्किटं संपली, मुली आल्या नाहीत. राहिल्या पाच. कॉलेजच्या क्रीडा विभागाने सांगून टाकलं की शरद ऋतूच्या लीगला पूर्ण टीम उतरली नाही तर क्लब बंद, आणि जिमखान्याची वेळ व्हॉलीबॉलवाल्यांना. लीग तरी कोणती, तर सगळ्यात खालच्या विभागातली. पण खालच्या विभागातसुद्धा कोर्टवर पाच जणी लागतातच.

ज्योत्स्नाने हे फार मनाला लावून घेतलं होतं. राजीवचं ऑफिस राजीवचं होतं, शाळा जुईची होती, घर भाड्याचं होतं. अख्ख्या कावासाकीत तिचं म्हणावं असं हे एकच होतं. त्यामुळे ऑगस्टच्या सुट्टीतला सराव तिने कडक ठेवला, पण डोळ्यांत तेल घालून. एकीच्या घोट्याला जरी मार बसला असता तरी संपलं असतं.

त्या पाचांत हिराई नावाची दुसऱ्या वर्षातली मुलगी होती. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हळू बोलणारी. तिच्या पायावर दुसऱ्याचा पाय पडला तरी माफी हीच मागायची. संध्याकाळी ती स्टेशनसमोरच्या कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या सदा उघड्या असलेल्या किराणा-खाऊच्या दुकानात, कामाला जायची. बास्केटखाली उभी राहिली की मात्र तिच्या हातातून बॉल काढून घेणं कुणाला जमायचं नाही. ज्योत्स्नाचा सगळा भरवसा तिच्यावर होता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी जिमखाना नुसता उकडत होता. हिराईने सोपे बॉल सोडले, एकदा तर हातात आलेला पास तिला दिसलाच नाही. ज्योत्स्नाने जवळ जाऊन कपाळाला हात लावला तर चांगलाच ताप. आणि तिला चंद्रशेखर सर आठवले.

चंद्रशेखर सर म्हणजे तिचे पुण्यातले कोच. ज्योत्स्ना तेव्हा विद्यापीठाच्या टीममध्ये होती, नॅशनलला निघायची तयारी चाललेली. सिमेंटच्या कोर्टवर उडी घेऊन उतरताना गुडघा फिरला. सर धावत आले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "बाळ, तू आता घरी जा. गुडघा सांभाळ," म्हणाले, तिची बॅग स्वतः उचलून आणली, तिच्या हातात दिली आणि तिला रिक्षात बसवलं. ती गेली. गुडघा बरा व्हायला फार दिवस लागले, तोवर टीम नव्याने उभी राहिली होती. मग परीक्षा आली, मग नोकरी, मग लग्न. ती पुन्हा कधी खेळली नाही. पण सर किती मायेचे होते हे ती कुणालाही डोळ्यांत पाणी आणून सांगायची. कोच असावा तर असा, हे तिचं ठरलेलं होतं.

तेव्हा तिने अगदी तसंच केलं. हिराईच्या हातातला बॉल काढून घेतला. भिंतीशी ठेवलेली तिची बॅग स्वतः उचलून आणली आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. खांद्यावर हात ठेवून तिला दारापर्यंत नेलं आणि नीट घोकलेल्या जपानीत सांगितलं, की आज घरी जा, झोप, भरपूर पाणी पी. शब्दांत काही चूक नव्हती. दार लोटून ती आत आली आणि तिने टाळी वाजवली.

"चला, चौघींचा ड्रिल घेऊ."

मुली दाराकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने कॅप्टन मोरिता जवळ आली.

"सेन्सेई, हिराई..."

"हो, जाऊ दे तिला," ज्योत्स्ना म्हणाली. "तिचं काय ते नंतर बघू."

त्या दिवशी फळ्या पुसायला मुलींना रोजच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या. उकाड्याने दमल्या असतील असं ज्योत्स्नाला वाटलं. जुईला पाळणाघरातून आणायचं होतं, सायकल मागच्या बाजूला होती आणि बूटही त्या दिवशी तिथेच काढले होते, म्हणून ती मागच्या दाराने निघून गेली. जाताना स्वतःवर खूष होती.

हिराई दुसऱ्या दिवशी आली नाही, ते ठीकच होतं. तिसऱ्या दिवशीही आली नाही. चौथ्या दिवशी बॉलच्या रॅकशेजारी एक कागदी पिशवी ठेवलेली दिसली. आत आठ नंबरची जर्सी होती, धुतलेली, कडक इस्त्री केलेली, नंबर वर येईल अशी घडी घातलेली. शेजारी मोरिता उभी होती आणि तिच्या मागे बाकीच्या तिघी.

"सेन्सेई, हिराईचं काय चुकलं होतं?" मोरिताने विचारलं.

"चुकलं कुठे? ताप होता तिला."

मोरिताला हे अपेक्षित नसावं. तिने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती दाराबाहेर उभी होती. बुटांच्या रॅकपाशी. आम्ही दिवे घालवेपर्यंत."

"एवढ्या तापात? मी तिला घरी जा म्हटलं होतं."

"हो. म्हणूनच."

मग मोरिताने समजावून सांगितलं, जुईला एखादी गोष्ट समजवावी तितक्या सावकाश. कोचने घरी जा म्हटलं की जायचं नसतं. जाणाऱ्या मुलीला खेळायची इच्छा नाही, असा त्याचा अर्थ होतो. बाहेर उभं राहायचं असतं. मग सेन्सेईंचा राग उतरतो आणि ते आत बोलावतात. शाळेपासून सगळ्यांनी हेच पाहिलेलं, सगळ्याच कधी ना कधी अशा उभ्या राहिलेल्या. म्हणून तर त्यांनी फळ्या इतक्या हळू पुसल्या, सेन्सेईंना वेळ मिळावा म्हणून.

"आणि नाही बोलावलं तर?" ज्योत्स्नाने विचारलं.

मोरिताने कागदी पिशवीकडे पाहिलं. "बॅग तर सेन्सेईंनी स्वतः हातात दिली होती," ती हळूच म्हणाली. "तेव्हा आम्हाला वाटलं की आता संपलंच."

ज्योत्स्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रीतीभातींचा तोरा एका झटक्यात उतरला होता, पण त्याचं तिला तितकं वाटलं नाही. तापाने फणफणलेली ती पोर बुटांच्या वासात उभी राहून आतले आवाज ऐकत होती, आणि आपण मागच्या दाराने सायकलवरून गेलो, हे तिला सहन होईना. ती तडक ओगाता सेन्सेईंकडे गेली.

त्यांनी आधी चहा ओतला. मग म्हणाले, "यावर उपाय आहे. हिराईने यावं, माफी मागावी. तुम्ही थोडं रागवा आणि मग आत घ्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"माफी कसली मागायची तिने? तापाची?"

"तशी पद्धत आहे."

"मग मीच मागते. चूक माझी आहे."

ओगाता सेन्सेईंनी कप खाली ठेवला. "तसं कृपया करू नका. सेन्सेई आपल्यापुढे वाकल्या, या संकोचाने ती मुलगी पुन्हा कॉलेजच्या त्या बाजूला फिरकणार नाही. मी तिला ओळखतो."

तेही खरंच होतं. ज्योत्स्नालाही हिराई माहीत होती. म्हणजे हिराईने माफी मागितलेली ज्योत्स्नाला चालणार नव्हती, आणि ज्योत्स्नाने मागितलेली हिराईला सोसणार नव्हती. लीगला खेळाडूंची नावं कळवायची वेळ तर तोंडावर आली होती.

"अगं, सिंपल आहे," घरी राजीव म्हणाला. "फोन कर आणि सांग, मिसअंडरस्टँडिंग झालं. आमच्या प्रोजेक्टमध्ये आठवड्याला एक होतं."

तिने फोन केला. हिराई अतिशय आदराने बोलली. माझ्यामुळे सर्वांची गैरसोय झाली, म्हणाली. सेन्सेईंनी इतके दिवस शिकवलं त्याबद्दल आभार मानले आणि फोन ठेवला. इतक्या गोड शब्दांत तोंडावर दार लावून घेतलेलं ज्योत्स्नाने आजवर पाहिलं नव्हतं.

फोन ठेवून ती राजीवकडे वळली. मग म्हणाली, "राजीव, मीपण तशीच गेले होते रे घरी. सरांनी बॅग दिली आणि मी गेले. नंतर कुणी विचारलंसुद्धा नाही, की ज्योत्स्ना, येतेस का परत."

"तुझा गुडघा गेला होता. उभं राहून काय करणार होतीस?"

"ते मला काय माहीत? उभी राहिलेच नाही ना मी."

सरांची माया खोटी नव्हती. पण त्या मायेनेच आपला खेळ संपवला, हे ज्योत्स्नाने त्या दिवशी पहिल्यांदा मनाशी कबूल केलं. तिला सरांचा राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ती स्टेशनसमोरच्या कोन्बिनीत गेली. सुट्टी असल्यामुळे हिराई काउंटरवर होती. गिऱ्हाइकाला म्हणायचं ते स्वागत तिच्या तोंडून अर्धंच निघालं आणि ती कमरेत वाकली. ज्योत्स्नानेही मान झुकवली. रांगेत उभं राहून तिने एक भाताचा लाडू, म्हणजे तिथली ओनिगिरी, विकत घेतला आणि ती बाहेर आली. बाहेर प्लास्टिकचे, बाटल्यांचे, कागदाचे कचऱ्याचे वेगवेगळे डबे होते. त्यांच्या शेजारी ती उभी राहिली.

काय करायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. माफी मागता येत नव्हती आणि घरी जायचं नव्हतं. तिला एवढंच सुचलं. काचेतून आतली हिराई दिसत होती, म्हणजे तिलाही बाहेरची ज्योत्स्ना दिसतच असणार. ऊन डोक्यावर होतं. येणारी-जाणारी माणसं या परदेशी बाईकडे बघत आणि सभ्यपणे नजर वळवत. थोड्या वेळाने जुना गुडघा बोलायला लागला. तिने वजन दुसऱ्या पायावर घेतलं.

हिराई कचऱ्याचे डबे रिकामे करायच्या निमित्ताने बाहेर आली.

"सेन्सेई, ऊन फार आहे. कृपया घरी जा."

"नाही जाणार."

हिराईने पिशव्या बांधल्या आणि आत गेली. बऱ्याच वेळाने पुन्हा आली, तेव्हा डबे रिकामेच होते.

"सेन्सेई, तुमचा गुडघा."

"दुखतोय," ज्योत्स्ना म्हणाली. ते अगदी खरं होतं.

काम संपल्यावर हिराई साध्या कपड्यांत बाहेर आली. खांद्याला तीच बॅग होती. ती ज्योत्स्नासमोर उभी राहिली, मान खाली घालून.

"सेन्सेई, तुम्हाला इथे उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुलाही कुणी सांगितलं नव्हतं."

हिराईने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय हे आधी कळेना, मग दोन्ही चाललंय हे दिसलं. ज्योत्स्नाचंही तेच झालं. माफी कुणीच मागितली नाही. ज्योत्स्नाने पर्समधून आठ नंबरची जर्सी काढली. पर्समध्ये कोंबल्यामुळे तिचा पार चोळामोळा झाला होता.

"तुझ्यासारखी घडी मला जमत नाही," ती म्हणाली.

हिराईने जर्सी दोन्ही हातांनी घेतली आणि मग तिथेच, कचऱ्याच्या डब्यांपाशी, गुडघ्यावर ठेवून तिची नीट घडी घातली.

ओगाता सेन्सेईंनी लीगला पाच नावं कळवली. त्या सीझनमध्ये टीमने काही दिवे लावले नाहीत, जिंकली ती एकच मॅच. पण प्रत्येक मॅचला कोर्टवर पाच जणी उभ्या होत्या आणि व्हॉलीबॉलवाल्यांना आपल्या जुन्याच वेळेवर समाधान मानावं लागलं.

सांगायचं राहिलं ते हिराई परत आली त्या दिवशीचं. कोन्बिनीबाहेरच्या पराक्रमाने ज्योत्स्नाचा गुडघा टम्म सुजला होता. तरी ती लंगडत सरावाला आली आणि लंगडतच कोर्टच्या कडेने ओरडत फिरत होती. मध्येच खेळ थांबला. मोरिता भिंतीशी गेली, ज्योत्स्नाची पर्स उचलून घेऊन आली आणि तिने ती दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"सेन्सेई, आज घरी जा."

बाकीच्या चौघी रांगेत उभ्या होत्या. तिथल्या मुली सेन्सेईंची थट्टा करत नाहीत, त्यामुळे ही थट्टा आहे की काळजी हे ज्योत्स्नाला कळेना. मोरिताच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. ज्योत्स्नाने पर्स घेतली. कोर्टकडे वळून नमस्कार केला, लंगडत दारापर्यंत गेली, बाहेर पडून बूट घातले. आणि बुटांच्या रॅकपाशी उभी राहिली.

आत चेंडूचा आवाज नव्हता. कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. पुण्याच्या कोर्टच्या फाटकाबाहेर रिक्षा उभी होती तेव्हाही आतून असंच काही ऐकू येत होतं का, हे ज्योत्स्नाला आठवेना. त्या दिवशी तिने मागे वळून पाहिलंच नव्हतं. आज ती हलली नाही. गुडघा ठणकत होता, रॅकला कुबट वास होता, आणि कधी नव्हे इतकी तिला भीती वाटत होती.

दार सरकलं. हिराई उभी होती.

"सेन्सेई," ती म्हणाली, "आत या."

कोर्टवर परत ये म्हणून ज्योत्स्नाला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. तिने बूट काढले आणि आत गेली.